नवीन घेतलेला ट्रॅव्हल ट्रेलर जागेवर सुखरूप कसा न्यायचा? (पहिल्यांदाच ओढणार आहे)

माळरान
नमस्कार मंडळी. बरेच महिने शोधाशोध करून शेवटी एक ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला. सेकंडहँड आहे, ८ वर्षांचा, साडेसात मीटर लांब, दोन ॲक्सल, चारी चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक. आधीच्या मालकाच्या आवारात उभा आहे आणि आम्हाला तो २८० किमीवरच्या जागेवर न्यायचाय. जागा पूर्ण सीझनसाठी घेतलीय, एकदा लावला की महिनोन्महिने हलवायचा नाही. म्हणजे प्रवास एकच, पण तोच माझा पहिला प्रवास. याआधी फक्त लहान सामानाचा ट्रेलर ओढलाय, तोही गावातल्या गावात.
माझ्या गाडीची ओढायची क्षमता ३५०० किलो आहे, ट्रेलरचं कागदावरचं वजन २३०० किलो, म्हणजे १२०० किलोचा वाव आहे असा माझा हिशोब. आम्ही चौघं जाणार, मुलं मागच्या सीटवर. मालक म्हणतो हिच (गाडी आणि ट्रेलर जोडायचा सांधा) लावा आणि निघा, काही होत नाही. तरी रात्री झोप नीट लागत नाहीये. कुठून सुरुवात करू?

काटेकोर
अभिनंदन. आणि झोप लागत नाहीये हे चांगलंय, कारण तो १२०० किलोचा वाव खरा नाहीये.
एक तर कागदावरचं रिकामं वजन हे कारखान्यातून निघतानाचं. त्यात बऱ्याचदा बॅटरी नसते, गॅस नसतो, पाणी नसतं, नंतर बसवलेल्या वस्तू नसतात. ८ वर्षं वापरलेल्या ट्रेलरमध्ये आधीच्या मालकाच्या गाद्या, भांडी, खुर्च्या, हत्यारं, काय काय असतं ते तुम्ही बघालच. २७०० धरून चला.
दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. ओढायची क्षमता शेवटी बघायची, आधी बघायचा तो गाडीचा पेलोड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या वर नको असं लिहिलेलं असतं. ट्रेलरचं नाक तुमच्या गाडीवर जे वजन टाकतं, टंग वेट म्हणतात ते, ते पण याच आकड्यातून जातं. या प्रकारच्या ट्रेलरला टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं, म्हणजे २७०० वर २७० ते ४०५ किलो. तुमच्या स्टिकरवर किती आहे ते बघून सांगा.

माळरान
आत्ताच जाऊन बघितलं. ६२० किलो.

काटेकोर
मग मांडू या. टंग वेट मधलं धरू, ३४०. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (नाकाचं वजन गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटून देणारी) लावणार असाल, आणि लावाच, तर ती स्वतः ४५ किलोच्या आसपास. झाले ३८५. उरले २३५. तुम्ही चौघं मिळून किती?

माळरान
साधारण २७०. म्हणजे बॅगा न धरताच वर जातंय. हे मी बघितलंच नव्हतं.

रानवाटा
बहुतेक लोक बघत नाहीत, विकणारे तर सांगतच नाहीत. उपाय सोपा आहे. मुलं आणि सामान दुसऱ्या गाडीत, ओढणाऱ्या गाडीत तुम्ही दोघंच नाहीतर एकटे. मागून येणारी दुसरी गाडी असेल तर तिचा फायदा फार होतो, दिवा बंद पडला, टायर बसायला लागला, कुठलं दार उघडलं, हे तुम्हाला आरशात दिसणार नाही, मागच्याला दिसतं. फोन स्पीकरवर ठेवून बोलायचं काम मागच्या गाडीत शेजारी बसलेल्याकडे द्या, तिथल्या ड्रायव्हरकडे नको.
आणि अजून एक पर्याय आहे, ट्रेलर पोचवून देणारे व्यावसायिक असतात. एकदाच न्यायचाय तर पैसे देऊन नेऊन घ्या की. त्यात कमीपणा नाही.

हायवेवाला
रानवाटाशी अर्धा सहमत. व्यावसायिक माणूस घेतला तरी ट्रेलरची तपासणी तुमचीच. तो येणार, जोडणार आणि जाणार. टायर किती जुने आहेत ते तो बघेल असं समजू नका. आणि विमा ट्रेलर आवारातून हलायच्या आधी चालू झालेला हवा, जो कोणी ओढणार असेल त्याला तो लागू आहे का हेही विचारा. लायसन्सचं आणि ओढतानाच्या वेगमर्यादेचं सगळीकडे सारखं नसतं, तुमच्याकडचे नियम एकदा वाचून घ्या.
टायरच्या बाजूवर डीओटी असं लिहून पुढे आकडे-अक्षरं असतात, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. एका बाजूला पूर्ण कोड नसेल तर ट्रेलरखाली वाकून आतल्या बाजूनं बघा.

माळरान
मालकाला फोटो पाठवायला सांगितला. ३४१७. म्हणजे २०१७ चा ३४वा आठवडा. ट्रेलरबरोबरचेच आहेत. पण तो म्हणतो नक्षी नव्यासारखी आहे, आणि फोटोत खरंच तशी दिसते.

हायवेवाला
नक्षी नव्यासारखी असणारच, ट्रेलर वर्षातून थोडेच दिवस चालतो. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयानं जातात. एका जागी उभे राहून, उन्हात, त्याच भाराखाली रबर आतून कडक होतं आणि थर सुटतात. ५-६ वर्षांनंतर बदलायचे, नक्षी कशीही असो. पाचही बदला, स्टेपनीसकट.
माझा स्वतःचा अनुभव सांगतो. दुसऱ्याच प्रवासात, ७ वर्षांचा टायर, दिसायला एकदम छान. फुटला तेव्हा फक्त फुटला नाही, त्याची पट्टी सुटून चाकाबरोबर फिरत राहिली आणि तिनं वरचा पत्रा, खालची वायरिंग आणि आतल्या कपाटाचा तळ सगळं फोडून काढलं. मागे कोणी जवळ नव्हतं म्हणून बरं. माझी मुलगी तेव्हा ९ वर्षांची होती, गाडीत होती. त्या दिवसापासून टायरच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.
नवीन घेताना ट्रेलरसाठीचे एसटी टायर घ्या आणि भाराचा वर्ग आधीच्या इतका किंवा वरचा. हवा ट्रेलरवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. एसटी टायरवर वेगाचं अक्षर छापलेलं नसेल तर तो साधारण १०५ किमी वेगापर्यंतच धरायचा. तुम्ही तर ९० च्या वर जाऊच नका.

चाकोरी
टायर बदलले की चाकाचे नट. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. नवीन बसवलेलं चाक पहिल्या काही किलोमीटरमध्ये स्वतःची जागा घेतं आणि नट सैल होतात. टॉर्क रेंच विकत घ्या नाहीतर उसना घ्या, गाडीतच ठेवा. आकडा ट्रेलरच्या मॅन्युअलमध्ये असतो, नट ताऱ्याच्या आकारात, समोरासमोरचे असे आवळत जायचे. मग १५ किमीवर परत, ४० वर परत, ८० वर परत.
बेअरिंगचं पण विचारा मालकाला, ग्रीस शेवटचं कधी भरलं. आठवत नाही म्हणाला तर भरलेलं नाही असंच समजायचं आणि निघायच्या आधी करून घ्यायचं. वाटेत थांबलात की प्रत्येक हबजवळ (चाकाचा मधला भाग, बेअरिंग असतं तिथे) हात न्या, चारी साधारण सारखे कोमट असले पाहिजेत. एकच खूप तापलाय म्हणजे तिथे बेअरिंग किंवा ब्रेकची कटकट आहे. हात एकदम टेकवू नका, भाजतं. तापमान बघायची छोटी बंदूक मिळते ती असेल तर उत्तम.

माळरान
धन्यवाद सगळ्यांना, खरंच. यादी करतोय. टायर उद्याच सांगतो. आता हिचबद्दल कोणी समजावेल का? मालकाकडे त्याची हिच आहे, ती ट्रेलरबरोबर देतोय.

काटेकोर
देतोय तर घ्या पण तशीच लावू नका, ती त्याच्या गाडीच्या उंचीला बसवलेली आहे. तुमच्या गाडीसाठी उंची परत जुळवावी लागेल. सपाट जागेवर जोडल्यावर ट्रेलर आडवा समांतर हवा, नाक वर तर अजिबात नको.
बॉलचा आकार. बॉल म्हणजे गाडीमागच्या हिचवरचा गोळा, कपलर म्हणजे ट्रेलरच्या नाकावरची त्याच्यावर बसणारी वाटी. आकार कपलरवर छापलेला असतो, २ इंच किंवा २ पूर्णांक ५/१६ इंच. मोठ्या कपलरमध्ये लहान बॉल बसतो, खटका पण लागतो, सगळं नीट दिसतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर उचलला जातो. म्हणून आकडा दोन्हीकडे वाचायचा, अंदाज नको. खटका लावून पिन घातली की पुढचा जॅक फिरवून नाक वर उचला. गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला पाहिजे. कपलर एकटाच वर आला तर तो बॉलवर बसलेलाच नाही.

निवांत थांबा
ही शेवटची गोष्ट मी एकदा केली नाही. खटका लागल्याचा आवाज आला होता म्हणून निघालो, आवाराच्या फाटकातच नाक खाली पडलं. नाकाला गाडीशी जोडणाऱ्या सुरक्षेच्या साखळ्यांनी धरलं. साखळ्या नाकाखालून एकमेकींना ओलांडून लावल्या होत्या म्हणून नाक त्या झोळीत बसलं, जमिनीवर घासलं नाही. साखळ्या फुलीसारख्या का लावायच्या ते त्या दिवशी कळलं.
दुसरी एक पातळ वायर असते, ब्रेकअवे म्हणतात. ट्रेलर सुटून गेला तर ती ओढली जाऊन पिन निघते आणि ट्रेलरचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर लागतात. तिला साखळीत अडकवायचं नाही, बॉलच्या काढता येणाऱ्या दांड्यालाही नाही, गाडीच्या पक्क्या भागाला वेगळी लावायची. आणि बॅटरी मेलेली असेल तर ती वायर नुसती शोभेची. वर्षभर उभ्या ट्रेलरची बॅटरी बहुतेक मेलेलीच असते. चार्ज करा, मग गाडीचा प्लग काढून पिन ओढून बघा, ट्रेलर जागचा हलायला नको. लगेच परत घाला, नाहीतर बॅटरी उतरते आणि ब्रेक तापतात.

दक्षिणवारा
ब्रेक कंट्रोलर, म्हणजे गाडीतून ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक लावणारा डबा, आहे का गाडीत? ७ पिनचा सॉकेट असला म्हणजे कंट्रोलर असतोच असं नाही. हा प्रश्न आधी विचारायला हवा होता कोणीतरी.

माळरान
नाहीये. सॉकेट आहे ७ पिनचा.

दक्षिणवारा
मग बसवूनच निघायचं. एवढ्या वजनाचा ट्रेलर फक्त गाडीच्या ब्रेकवर थांबवायचा विचार पण नको. प्रोपोर्शनल प्रकारचा घ्या, तो तुम्ही जितक्या जोरानं ब्रेक मारता तितक्याच प्रमाणात ट्रेलरचे लावतो. जोडल्यावर मोकळ्या, कोरड्या, सपाट जागेत ४० च्या वेगानं हातानं त्याची कळ दाबा. ट्रेलरनं गाडीला मागे खेचल्यासारखं वाटलं पाहिजे, पण चाकं लॉक होऊन घसरायला नकोत. लॉक होतायत तर गेन (कंट्रोलरवरचा ब्रेकचा जोर) कमी करा, काहीच जाणवत नसेल तर वाढवा.
दिव्यांचं पण तेव्हाच बघून टाका. सिग्नल दिल्यावर बाकीचे दिवे मंद होत असतील तर अर्थिंग खराब आहे, पिना घासून साफ करा आधी.

उनाडपाऊल
एक टिप माझ्याकडून, ट्रेलर डुलायला लागला की थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, खेचला की सरळ होतो. आमच्या काकांनी शिकवलेलं.

हायवेवाला
उनाडपाऊल, राग मानू नका पण हे नवीन माणसाला सांगू नका. खेचल्यावर क्षणभर सरळ झाल्यासारखा वाटतो हे खरं, पण वेग वाढतो आणि वेग वाढला की पुढचा हेलकावा मोठा येतो. डुलणं वेगामुळेच वाढतं, ते कमी करायचं तर वेगच कमी करायचा. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, हेलकाव्याच्या उलट फिरवत बसायचं नाही, आणि फक्त कंट्रोलरची हाताची कळ दाबून ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागून ताणला जातो आणि सरळ येतो. ती कळ न बघता हाताला सापडली पाहिजे, निघायच्या आधी १० वेळा हात नेऊन बघा.

उनाडपाऊल
मान्य. काकांचा ट्रेलर फार हलका होता तेही आहे. मागे घेतो.

काटेकोर
मुळात डुलूच नये याची काळजी वजनात घ्यायची. मागे जड आणि पुढे हलकं झालं की शेपूट हलतं. जड सामान ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, खाली जमिनीवर, मागच्या टोकाला काही नको. मागच्या बंपरवर सायकली वगैरे तर नकोच.
पाण्याची टाकी कुठे आहे ते बघा. कित्येक ट्रेलरना ती ॲक्सलच्या मागे असते. १५० लिटर म्हणजे १५० किलो, तेवढं मागे भरलं की टंग वेट घसरतं. सगळ्या टाक्या रिकाम्या करून निघा, अर्धी भरलेली टाकी तर सगळ्यात वाईट, पाणी आत हिंदकळत राहतं.
(१०-१५ टक्के हे माझं म्हणणं या बांधणीच्या ट्रेलरसाठी आहे. युरोपियन कॅरॅव्हॅनना ५ ते ७ टक्के सांगतात, त्यांचा बॉलही ५० मिमीचा असतो. कोणी इथून वाचून तिकडे लावू नये म्हणून लिहिलं.)
आणि सगळं जोडून झाल्यावर ट्रकच्या वजनकाट्यावर जाऊन या. तीन वजनं घ्या. गाडी एकटी, मग जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर, मग सगळं मिळून. दुसरं वजन घेताना हिचचे स्प्रिंग बार (वजन वाटून देणारे दांडे) सुटे ठेवा. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की टंग वेट, तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं खरं वजन.

चाकोरी
जागेबद्दल कोणीच बोलत नाहीये. माझ्या मते रस्त्यापेक्षा शेवटचे १०० मीटर जास्त त्रासाचे. आधी एकदा नुसत्या गाडीनं जाऊन या. फोनचा नकाशा तुम्हाला कारचा रस्ता दाखवतो, त्याला तुमची उंची माहीत नाही. उंची छतावरच्या एसीसकट मोजा, कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. आम्ही जागेत शिरताना खालीच बघत होतो, झाडाच्या फांदीनं एसीचं झाकण ओरबाडून काढलं. वर बघायला एक माणूस वेगळा हवा.
रिव्हर्सला एकच गोष्ट लक्षात ठेवा, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात हलवायचा. अगदी थोडा. शक्य असेल तर ड्रायव्हरच्या बाजूनं वळवत आत घ्या, म्हणजे खिडकीतून दिसतं. मागे उभा असलेला माणूस आरशात दिसेनासा झाला की त्याच क्षणी थांबायचं. खुणा घरीच ठरवून घ्या आणि "डावीकडे" म्हणजे गाडीची डावी की ट्रेलरच्या शेपटाची तेही. नवराबायकोची निम्मी भांडणं यावरच होतात, हे मी अनुभवातून सांगते.

रानवाटा
चाकोरीताईंना +१. आणि उजेडात पोचा. दुपारी २-३ पर्यंत पोचायचं धरून सकाळी निघा. उशीर झाला तर वाटेत मुक्काम करा पण अंधारात नवीन जागेत रिव्हर्स घेऊ नका.
वळताना ट्रेलरची चाकं आतून कापतात, म्हणून पुढे जास्त जाऊन मग वळवा. पण खांबाला, पंपाला खेटून उभे असाल तर मागचं टोक उलट बाहेर फेकलं जातं, तेही बघा. आरसे लांब करायचे मिळतात ते लावा.

माळरान
मंडळी, वाचनखूण साठवलीय. पुढच्या शनिवारी ठरवत होतो, पण एवढं सगळं बाकी असताना दोन आठवडे पुढे ढकललं. मालक जरा नाराज झाला, आवार मोकळं करायचंय म्हणून. हो म्हणाला शेवटी.

निवांत थांबा
चांगलं केलंत. घाई दुसऱ्याची असते आणि ट्रेलर तुमच्या मागे असतो.
निघताना आतलं: गॅसचा सिलिंडर बंद (कित्येक बोगद्यांतून आणि फेरीबोटींवर गॅसवर निर्बंध असतात, तेही आधी बघा), फ्रिजच्या दाराला कडी, कपाटं बंद, छताची झडप बंद, ॲन्टेना खाली, पायरी आत, ऑनिंग (बाजूचं कापडी छप्पर) बांधलेलं, कोपऱ्यातले चारी टेकू वर. चाकाचे ठोकळे सगळ्यात शेवटी काढायचे. आणि मग ट्रेलरभोवती एक पूर्ण फेरी, कोणाशीही न बोलता. मधे कोणी हाक मारली तर फेरी पहिल्यापासून.

माळरान
पोचलो!! काल दुपारी पावणेदोनला. सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढा वेळ दिलात.
पाचही टायर नवीन, बेअरिंगचं ग्रीस नवीन, बॅटरी खरोखरच मेलेली होती, ती पण नवीन. कंट्रोलर बसवला. ट्रेलरमध्ये बेडखाली आधीच्या मालकाच्या फरशा निघाल्या, कसल्यातरी उरलेल्या, जवळजवळ ८० किलो, आणि त्या एकदम मागच्या टोकाला. त्या तिथेच उतरवल्या. तशाच घेऊन निघालो असतो तर काय झालं असतं हा विचार वाटेत दोनदा आला.
काट्यावरचे आकडे: गाडी २४८०, जोडून गाडीची चाकं २८१०, सगळं मिळून ५०२०. म्हणजे ट्रेलर २५४०, टंग ३३०, १३ टक्के. काटेकोर, तुमचा अंदाज जवळजवळ बरोबर होता. कागदावरच्या पेक्षा २४० किलो जास्त, फरशा काढूनसुद्धा.
मुलं आणि सामान बायकोच्या गाडीत मागून. मोठी मुलगी तिथून फोनवर सांगत होती. १५ किमीवर थांबलो तेव्हा डाव्या पुढच्या चाकाचे दोन नट पाव आटा फिरले. चाकोरीताई, त्या दोन नटांसाठी तुमचे किती आभार मानू. ४० ला अगदी किंचित, ८० ला काहीच नाही.
मोठा ट्रक बाजूनं गेला की आधी बाहेर ढकलल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं होतं, पहिल्या वेळी हात घट्ट झाले, नंतर सवय झाली. एका उतारावर थोडं डुलल्यासारखं वाटलं, वेग ८५ होता, पाय काढला, कळ दाबली, दोन सेकंदात शांत. उतार सुरू व्हायच्या आधीच खालच्या गिअरमध्ये जायला हवं होतं, पुढच्या उताराला तसं केलं.
आत घ्यायला ४० मिनिटं लागली. मागे बायको, वर फांद्यांकडे बघायला मुलगी. तीन वेळा बाहेर काढून परत घेतला. कोणी घाई केली नाही.

हायवेवाला
वा! फार बरं वाटलं वाचून. हब बघितले का?

माळरान
तीनदा. चारी सारखेच कोमट होते.

चाकोरी
छान झालं. 🙂 आता लेव्हलचा क्रम चुकवू नका. आधी डावं-उजवं, ते ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच, खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून. दोन ॲक्सल असल्यामुळे त्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना ठोकळे, मगच गाडी सोडवायची, मग पुढच्या जॅकनं पुढचं-मागचं. कोपऱ्यातले टेकू शेवटी, ते हलणं थांबवायला असतात, ट्रेलर उचलायला नाही. त्यांच्यावर उचललात तर चौकट वाकते आणि दार लागेनासं होतं.

माळरान
बरं झालं सांगितलंत, अजून गाडी सोडवलेली नाही. काल फार दमलो होतो, ठोकळे लावून तसाच झोपलो. उजवी बाजू ५ सेंमी खाली आहे. आता फळ्या आणायला निघतोय.